पंपात अडकलेली वाफ: उन्हाळ्यात जुनी पद्मिनी बंद का पडते

मे महिन्यात घाट चढून आलेली प्रीमियर पद्मिनी चहासाठी थांबवली आणि वीस मिनिटांनी स्टार्टर मारला, तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. टाकीत पेट्रोल असतं. ते कार्बोरेटरपर्यंत (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही, कारण वाटेतच त्याची वाफ झालेली असते.

पेट्रोलमधले हलके घटक ३५–४० अंशांनाच उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यात पद्मिनीचा पंप इंजिनालाच बसवलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे नळीतला दाब उतरतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ढकलणारा लवचिक पडदा) मग वाफच दाबत-सोडत बसतो. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, तापलेला ब्लॉक मात्र तसाच असतो. म्हणून बॉनेटखालचं तापमान काही वेळ वाढतच जातं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे त्यांना हा त्रास जवळजवळ नाही.

इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, तरी पेट्रोलमध्ये १० टक्के मिसळलं की त्याच पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे वाफ लवकर होते. २० टक्क्यांना वाढ किंचित कमी, पण असतेच.

आधी निदान. एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर दाबा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची धार दिसली नाही, तर वाफेचा संशय बळावतो. उलट आत पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) उकळून इंजिन ‘फ्लड’ झालंय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल गेलंय. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, तो वर-खाली न करता स्टार्टर मारा. धार येते, ठिबकत नाही आणि तरी गाडी घेत नाही? मग स्पार्क बघा. तापल्यावर दगा देणारे स्पार्कचे भाग, म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, अगदी हीच लक्षणं दाखवतात. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला, तर दोष झाकणाच्या चोंदलेल्या भोकाचा. हे फुकटात सुटतं.

रस्त्यात टॅक्सीवाल्यांचा ओल्या फडक्याचा उपाय शास्त्रशुद्धच आहे. फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळा. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या ओतीव नळ्यांवर) पाणी ओतू नका, तो तडकतो. गरम इंजिनावर पेट्रोलचा पाइपही सोडू नका, आग लागेल.

कायमच्या उपायांत सगळे आधी इलेक्ट्रिक पंप घ्यायला धावतात. ते शेवटी. आधी नळी एक्झॉस्टपासून किमान ५ सेंटिमीटर दूर न्या, तिथे उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. भेगाळलेले रबरी पाइप इथेनॉल सोसणारे टाका. भेगेतून पंप हवा ओढतो. कार्बोरेटरखाली ६ ते १० मिलिमीटरचा बेकेलाइट स्पेसर (उष्णता अडवणारा जाड तुकडा) बसवा, दोन्ही बाजूंना पॅकिंग आणि लांब स्टड घालून. बॉनेट लागतंय का, आधी मोजा. पंपाखालचं मूळ पॅकिंग मात्र जाड करू नका, पंपाचा स्ट्रोक कमी होतो.

एवढ्याने भागलं नाही, तर इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या पातळीवर बसवा. दाब ०.२ ते ०.२५ बारपुरता ठेवा, नाहीतर फ्लोट चेंबरची वाट बंद करणारी निडल ढकलली जाऊन पेट्रोल उतू जातं. वायर ऑइलचा दाब असतानाच चालू राहणाऱ्या स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबतो.