शालेय संग्रहालय-सहल (नागपूर)

शाळेच्या वर्गाला मार्गदर्शकासोबत प्राणी, पक्षी, खडक आणि जीवाश्म यांची दालने दाखवण्याचा उपक्रम. नागपुरात या सहलीचे जुने ठिकाण म्हणजे सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ मध्ये, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असताना, ते सुरू झाले. शहरात मात्र त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात. शाळेच्या सूचनावहीतही बहुधा हेच नाव असते. सहली हिवाळ्यात निघतात, कारण नागपूरच्या उन्हात पन्नास पोरांची रांग सांभाळणे कुणाच्याच हिताचे नाही. जोडीला महाराजबाग किंवा रामन विज्ञान केंद्र असते आणि डबे झाडाखाली उघडतात.

मुले धावतात ती पेंढा भरलेल्या वाघाकडे. ताडोबा आणि पेंच घराजवळ असूनही अनेकांनी वाघ इतक्या जवळून पाहिलेला नसतो. पहिला प्रश्न ठरलेला: “सर, हा खरा हाय का?” याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपवणारा मार्गदर्शक संधी घालवतो. अशा नमुन्यात कातडी खरी, डोळे काचेचे आणि आतला देह घडवलेला असतो. जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून सोमल (आर्सेनिक) या विषाचा साबण चोळत. जुन्या नमुन्यांना हात लावू न देण्याचे खरे कारण ते आहे, पहारेकऱ्याचा स्वभाव नव्हे. दुसरा प्रश्न, “याला मारलं काहून?”, अधिक अवघड असतो. इथे शिकारीचा काळ आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगावा लागतो.

विदर्भाची खरी श्रीमंती मात्र खडकांत आहे आणि बहुतेक सहली तिथूनच घाईने पुढे सरकतात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रचाराबरोबर त्यांनी भोवतालचे खडक व जीवाश्म गोळा करून त्यांचा अभ्यास केला. १८६३ मध्येच टाकळघाटच्या शिळावर्तुळांची (प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांची) पाहणी करून परतताना पुरात ते बुडाले. हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव रोज ऐकणाऱ्या मुलांना हा माणूस खडक फोडत हिंडायचा हे सहसा माहीत नसते.

त्यांच्या काळापासून गाजलेले एक ठिकाण म्हणजे नागपूरजवळची टाकळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत होता. दोन उद्रेकांच्या मध्ये जो निवांत काळ मिळे, त्यात तळी साचत, त्यांत गोगलगायी वाढत, आणि मग पुढचा लाव्हा सगळे झाकून टाकी. या आंतरथरांत ‘फायसा’ नावाच्या गोगलगायीचे शंख सापडतात. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर बहुतेक गोगलगायींचे तोंड उजवीकडे येते, फायसाचे डावीकडे. हे एकदा दाखवले की वर्गातली डावखुरी मुले लगेच पुढे सरसावतात. शंख हातात फिरवून बघणे हा साऱ्या सहलीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ धडा आहे; त्यासाठी मार्गदर्शकाने काचेबाहेरचा एखादा साधा शंख खिशात ठेवला तरी भागते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे जीवाश्म हशा हमखास पिकवतात. तिथे डायनासोरांचे दगड झालेले शेण मिळते. “इतकं जुनं शेण!” असे म्हणून पोट्टे नाक दाबतात, पण त्याच शेणातले गवताचे सूक्ष्म अवशेष २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, हा समज त्यामुळे मागे पडला. कामठी, उमरेड भागातून येणाऱ्या वर्गाला कोळसा आणि त्याच्या काळातील ग्लोसोप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे ठसे दाखवणे सोपे जाते. कोळशाच्या खाणी त्यांच्या ओळखीच्या असतात.

पन्नास मुलांचा एकच घोळका केला, तर मागच्या रांगेला फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. पंधरा-वीसचे गट करून प्रत्येक गट तीन-चार कपाटांपाशी थांबवणे बरे. सगळी दालने दाखवण्याचा शाळांचा हट्ट असतो, कारण पालकांना सहलीचा हिशेब द्यायचा असतो. फलकावरची माहिती वहीत उतरवून घेणे हा त्याच हिशेबाचा भाग. त्यात मान खाली राहते आणि गोगलगाय तशीच मागे पडते.