न्यायमूर्तींचं पेन्शन सरकारच्या मर्जीवर? खुलासा

पेन्शनचे नियम बदलण्याची चर्चा निघाली की एक समज हमखास फिरतो: निकाल आवडला नाही तर सरकार न्यायमूर्तींचं पेन्शन कापू शकतं. हे चूक आहे. राज्यघटनेतले उच्च न्यायालयासाठी अनुच्छेद 221 आणि सर्वोच्च न्यायालयासाठी अनुच्छेद 125 स्पष्ट सांगतात की नियुक्तीनंतर पेन्शनच्या हक्कात न्यायमूर्तींचं नुकसान होईल असा बदल करता येत नाही. वाढ मात्र करता येते. शिवाय हा खर्च भारताच्या संचित निधीवर, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीवर, 'भारित' असतो. म्हणजे संसदेत त्यावर चर्चा होते, मतदान नाही. माझ्या मते निर्भय न्यायासाठी ही तरतूद अत्यंत मोलाची आहे. संसद कायदा बदलू शकते, पण कपात लागू होईल ती पुढे नेमल्या जाणाऱ्यांनाच. जिल्हा न्यायाधीशांना मात्र या दोन अनुच्छेदांचं संरक्षण नाही.