हॉट हॅचबॅक : सोलापुरातील रोजचा वापर

घरगुती वापराच्या छोट्या हॅचबॅक मोटारीला जास्त ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन, मोठे ब्रेक आणि रुंद टायर दिले की हॉट हॅचबॅक होते. बाहेरून ती शेजाऱ्याच्या साध्या गाडीहून फारशी वेगळी दिसत नाही. मागचे दार वर उघडते, डिकीत महिन्याचा किराणा मावतो, मागच्या सीटवर तिघे बसतात. स्पोर्ट्‌स कार हौसेखातर दुसरी गाडी म्हणून घेतली जाते. हॉट हॅचबॅक मात्र घरातली एकुलती एक गाडी म्हणून चालावी अशी अपेक्षा असते. सोलापुरात ही अपेक्षा कितपत पुरी होते, हे इंजिनापेक्षा रस्त्यावर, उन्हावर आणि उसावर अधिक ठरते.

उगम

या प्रकाराची सुरुवात कोणी केली यावर मोटारप्रेमींचे एकमत नाही. इटलीची ऑटोबियांकी ए ११२ अबार्थ १९७१ ची, फ्रान्सची रेनॉ ५ अल्पाइन १९७६ ची. लोकांच्या मनात ठसली ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. ती १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. इंजिन १.६ लिटरचे, ताकद ११० अश्वशक्ती आणि वजन अवघे ८१० किलो. कंपनीने ५,००० गाड्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. तिच्या सीटचे चौकड्याचे कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखा गिअरचा गोळा गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंनी सुचवला. चादर आणि टॉवेलच्या गावात सीटच्या कापडावरून ओळखली जाणारी गाडी कोणालाही परकी वाटू नये. पुढे १९८४ च्या प्यूजो २०५ जीटीआयने हा प्रकार युरोपभर रुजवला. आजच्या गोल्फ जीटीआयचे वजन १,४०० किलोंच्या पुढे गेले आहे. सुरक्षा, एसी आणि डॅशबोर्डवरचे स्क्रीन यांची ती किंमत आहे.

भारतात

भारतातल्या हॉट हॅचबॅकचा इतिहास बराचसा कररचनेने लिहिला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मीटरच्या आतील लांबीच्या आणि १,२०० सीसीच्या आतील पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली. ती रेषा वस्तू व सेवा करातही टिकली. सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेत बसणाऱ्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि न बसणारीला ४० टक्के कर लागतो. त्यामुळे इथला कारखानदार इंजिन मोठे करत नाही, छोट्याच इंजिनाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लावतो. २००१ ची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स त्या रेषेच्या आधीची. पेट्रोल पिण्यात तिची बदनामी झाली, पण चालवलेले लोक अजून तिचे नाव काढतात.

त्यानंतर पोलो जीटी टीएसआय (२०१३, १०५ अश्वशक्ती), रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो (२०१५, सुमारे १४५ अश्वशक्ती), बलेनो आरएस (२०१७), टियागो जेटीपी (२०१८), आय २० एन लाइन (२०२१, १२० अश्वशक्ती) आणि अल्ट्रोझ रेसर (२०२४, १२० अश्वशक्ती) आल्या. यांतल्या बऱ्याच फार काळ टिकल्या नाहीत. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. काटेकोर लोक १२० अश्वशक्तीच्या गाडीला हॉट हॅचबॅक मानायला तयार नसतात. त्यांच्या मते खरी हॉट हॅचबॅक म्हणजे बाहेरून पूर्ण बनून आलेली, जशी २०१६ ची तीन दारांची पोलो जीटीआय किंवा मे २०२५ मध्ये ५२.९९ लाख रुपयांच्या शोरूम किमतीला आलेली २६५ अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय. हा वाद कागदावर ठीक आहे. रोज सोलापुरात गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही. त्याची कारणे पुढे येतील.

शहरात

नवी पेठ, विजापूर वेस, कन्ना चौक, सात रस्ता या भागांत गाडीचा लहानपणा हीच तिची पहिली ताकद. रिक्षा, दुचाकी आणि हातगाड्यांमधून वाट काढायची, मिळेल त्या फटीत गाडी लावायची, यासाठी ४ मीटरची गाडी मोठ्या एसयूव्हीपेक्षा सोयीची पडते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी न नेलेलीच बरी. तेव्हा छोटी गाडीही मोठी होते.

दुखणे गतिरोधकांचे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. असा गतिरोधक ताशी २५ किलोमीटरने बिनघोर ओलांडता येतो. गल्लीबोळांत प्रत्यक्षात भेटतो तो रहिवाशांनी रातोरात घातलेला सिमेंटचा उंचवटा, अरुंद आणि टोकदार. आय २० किंवा अल्ट्रोझ जमिनीपासून साधारण १६५ ते १७० मिलिमीटर उंच असतात, म्हणून त्या बहुधा निभावतात. गोल्फ जीटीआयची उंची १४० मिलिमीटरच्या आत आहे. मागे माणसे आणि डिकीत सामान असले की ती आणखी खाली बसते आणि इंजिनाखालचा तेलाचा चेंबर घासतो. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवणे हा यावरचा सर्वमान्य उपाय. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवणार हे त्यात गृहीत धरावे.

टायरचे गणित याहून कडक आहे. टायरच्या आकड्यांतून बाजूच्या रबराची उंची काढता येते. साध्या स्विफ्टच्या १६५/८० आर १४ टायरला १३२ मिलिमीटर, आय २० एन लाइनच्या १९५/५५ आर १६ ला १०७ आणि गोल्फ जीटीआयच्या २२५/४० आर १८ ला फक्त ९० मिलिमीटर. खड्ड्याचा धक्का हे रबर झेलते. ते कमी झाले की धक्का थेट अलॉय रिमवर आणि तिथून पाठीवर येतो. ड्रेनेज किंवा पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेल्या चरांवर टायरला फुगा येणे किंवा रिम वाकणे हा या गाड्यांचा नेहमीचा खर्च आहे. चौदा इंचांचा टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, अठरा इंची टायर बहुतेक वेळा मागवावा लागतो. तोवर आकाराने लहान, ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेची स्टेपनी असली तर तीवर भागवायचे.

घरातल्या ज्येष्ठांचा अभिप्राय थोडक्यात सांगता येतो : गाडी दिसायला छान, पण लई आदळते. अक्कलकोट-गाणगापूरच्या फेरीत मागे बसणाऱ्याला एन लाइनचा कडकपणा जाणवतो, अल्ट्रोझचा त्या मानाने कमी. सीटवर बसताना खाली वाकावे लागते, ही गुडघेदुखीच्या माणसाची वेगळी तक्रार. घरात अशी माणसे असतील तर गाडी घेण्यापूर्वी त्यांना मागच्या सीटवर बसवून जुळे सोलापुराच्या आतल्या रस्त्यांवर एक चक्कर मारावी. शोरूमची चाचणी-फेरी बहुधा गुळगुळीत रस्त्यावरच होते.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरातला पारा ४० अंशांच्या बराच पुढे जातो. टर्बो इंजिनाच्या दृष्टीने ही महत्त्वाची बाब आहे. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४३ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बो जास्त दाब देऊन ती उणीव भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते. ती थंड करणारा इंटरकूलर पुढून येणाऱ्या वाऱ्यावर चालतो, आणि दुपारी चौकात अडकलेल्या गाडीला वारा मिळत नाही. मग नॉकिंग (इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनात होणारी ठोकठोक) टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि पिकअप मंदावतो. दुपारी दोनची गाडी आणि पहाटे पाचची गाडी एकच असली तरी चालवताना दोन वाटतात.

कोरड्या क्लचच्या दोन-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हीच दुपार जड जाते. मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या रांगेत क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. पुढे जागा होईपर्यंत थांबून मग एकदम सरकणे, ब्रेक अर्धवट सोडून रांगत न राहणे, एवढ्या सवयीने त्याचे आयुष्य वाढते. गोल्फ जीटीआयचे क्लच तेलात बुडालेले असल्याने तिला हा त्रास कमी. मॅन्युअल घेणाऱ्याला यातले काहीच बघावे लागत नाही. सोलापूरच्या हवेत मॅन्युअलकडे कल असणे केवळ हट्ट म्हणता येणार नाही.

काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळाभर उडते, म्हणून एअर फिल्टर पुस्तकातल्या अंतराआधीच पाहावा. इंजिन ऑइलचेही तेच. टर्बोचे बेअरिंग याच ऑइलवर फिरते, आणि तापलेले ऑइल लवकर उतरते. महामार्गावरून जोरात आल्यावर गाडी लगेच बंद न करता शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवावी. धुण्याच्या बाबतीत सोलापूरकराला शिकवण्यासारखे काही नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात गाडी एका बादलीत आणि ओल्या फडक्यानेच पुसली जाते.

ऊस : रस्त्यावर आणि टाकीत

सोलापूर राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. या गाडीच्या मालकाची उसाशी गाठ दोन ठिकाणी पडते.

पहिली रस्त्यावर. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. त्या काळात तालुक्यांना जोडणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने चालतात, गाणी मोठ्याने लावलेली आणि मागचे दिवे बऱ्याचदा नसलेले. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी खालच्या बंपरला लागते. अशा लांबलचक वाहनाला ओलांडताना किती सेकंद समोरच्या बाजूला राहावे लागते, यावर सगळे अवलंबून असते. इथे टर्बोचा खरा उपयोग होतो. साध्या १.२ लिटर आय २० चा टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाक फिरवण्याची ओढ, सुमारे ११५ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ४,२०० फेऱ्यांना; एन लाइनचा १७२, आणि तो १,५०० फेऱ्यांपासून मिळतो. गिअर न बदलता, इंजिन न ओरडवता गाडी पुढे निघते. सोलापुरात हॉट हॅचबॅक घेण्याचे सर्वांत पटण्यासारखे कारण हेच आहे. त्यासाठी १२० अश्वशक्ती पुरते, २६५ लागत नाहीत. अर्थात समोरचे दिसत नसताना कोणताही टॉर्क कामाचा नाही, आणि हंगामात रात्री शक्यतो निघूच नये.

दुसरी गाठ टाकीत. उसापासून (आणि आता धान्यापासूनही) काढलेले इथेनॉल २० टक्के मिसळलेले ई २० पेट्रोल आता पंपांवर सर्रास मिळते. त्यावरची नाराजी अॅव्हरेजची आहे आणि ती खरी आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. मूळ बिनइथेनॉल पेट्रोलसाठी आखलेल्या चारचाकींच्या अॅव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के घट होईल, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातला अंदाज होता. ई २० ला चालणारे रबरी पाइप आणि सील एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत येऊ लागले. जुन्या पोलो आणि पुंटोवाल्यांनी ते तपासून घ्यावेत. पण नाण्याची दुसरी बाजू टर्बोवाल्यांच्या बाजूने आहे. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, ई २० चा ९५ आहे. शिवाय बाष्प होताना इथेनॉल आतली हवा थंड करते. त्यामुळे नॉकिंग कमी होते आणि उन्हाळ्यात संगणकाला ठिणगी फार मागे न्यावी लागत नाही. वर सांगितलेल्या मे महिन्याच्या तक्रारीवर हा थोडा उतारा आहे. शहरात लिटरला साधारण १० ते १२ किलोमीटर धरून चालावे. जोरात चालवणाऱ्याने त्याहून कमी.

महामार्ग आणि घाट

राष्ट्रीय महामार्ग ६५ (पुणे-सोलापूर-हैदराबाद) आणि ५२ (तुळजापूरकडून येऊन विजयपूरकडे जाणारा) सोलापुरात भेटतात. पुणे सुमारे २५० किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणमार्गे हा रस्ता चौपदरी, सरळ आणि सपाट आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. गोल्फ जीटीआय तो वेग ५.९ सेकंदांत गाठते. म्हणजे कायद्यात बसणारी सगळी मौज सहा सेकंदांत संपते आणि उरलेला प्रवास क्रूझ कंट्रोलवर होतो. उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि ढाब्यासमोर दुभाजक फोडून केलेली वाट, ही दोन कारणे मर्यादा पाळायला पुरेशी आहेत. नान्नजच्या माळरानातून बार्शीकडे जाताना संध्याकाळी काळवीट आडवे येऊ शकते.

हॉट हॅचबॅक मुळात वळणांसाठी घडवलेली, आणि सोलापूर पठारावर वसलेले. वळणे हवी असतील तर ४५ किलोमीटरवरच्या तुळजापूरला, बालाघाटाच्या कडेवरचा घाट चढून जावे लागते. तो छोटा आहे, आणि त्यावर देवीच्या भक्तांची, एसटीची व नवरात्रात पायी जाणाऱ्यांची गर्दी असते. घाट अनुभवायचा तर आडवारी, भल्या सकाळी. कडक सस्पेन्शन आणि नेमके स्टिअरिंग यांसाठी मोजलेले पैसे इथे वसूल होतात, बाकी ठिकाणी क्वचितच.

कर, बदल आणि जुन्या गाड्या

सोलापूरच्या एमएच १३ क्रमांकाची नोंदणी करताना महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के पडतो. गोल्फ जीटीआयवर हा कर पावणेसात लाखांच्या वर जातो. तेवढ्यात साधी हॅचबॅक दारात उभी राहते.

गाडीत बदल करण्याचा मोह या मालकांत मोठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. कर्णकर्कश सायलेन्सर त्यात सापडतो आणि पोलिसांना लांबूनच ऐकू येतो. इंजिनाच्या संगणकाचे रिमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी त्याचे प्रोग्रॅमिंग बदलणे) डोळ्यांना दिसत नाही, पण वॉरंटी घालवते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

बंद झालेल्या गाड्यांना जुन्या बाजारात मागणी आहे, विशेषतः पोलो जीटी आणि अबार्थ पुंटोला. अशी गाडी घेताना ती रॅम्पवर चढवून खालून पाहावी. चेंबरवरचे ओरखडे, रिमच्या आतल्या कडेचे वाकणे आणि पुढच्या टायरची आतल्या बाजूने झालेली झीज मालकाच्या तोंडी हकिगतीपेक्षा जास्त सांगतात. गाडी थंड असतानाच सुरू करून बघावी. विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.