आय-ट्रॅकरच्या विदेची गुणवत्ता आणि तिचे मूल्यमापन

माणसाची नजर कोठे व किती वेळ स्थिरावते याची नोंद आय-ट्रॅकर हे उपकरण करते. त्या नोंदीच्या आधारे संशोधनाचा निष्कर्ष काढता येईल की नाही, हे ठरवणाऱ्या मोजमापांना मिळून विदेच्या (नोंदलेल्या माहितीच्या, म्हणजे डेटाच्या) गुणवत्तेचे मूल्यमापन म्हणतात. ही गुणवत्ता एकट्या उपकरणाची नसते. सहभागी व्यक्तीचे डोळे, प्रयोग घेणाऱ्याचे कौशल्य, खोलीतील प्रकाश, डोक्याची हालचाल आणि नोंदीवर नंतर चालवलेली संगणकीय प्रक्रिया या सर्वांमधून ती घडते. त्यामुळे माहितीपत्रकातील आकड्याला संशोधनात मर्यादितच अर्थ आहे. तो आकडा सहसा अनुकूल परिस्थितीत, सहकार्य करणाऱ्या प्रौढ व्यक्तींवर मिळवलेला असतो.

सध्याची बहुतेक उपकरणे डोळ्यावर अवरक्त प्रकाश सोडतात आणि बाहुलीचे केंद्र व पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणावर) उमटणारी चकाकी यांची परस्परसापेक्ष जागा कॅमेऱ्याने टिपतात. ही जागा पडद्यावरील कोणत्या बिंदूशी जुळते हे कळण्यासाठी व्यक्तीला पाच, नऊ किंवा तेरा ठरावीक बिंदूंकडे क्रमाने पाहायला सांगितले जाते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. म्हणजे नजरेची जागा थेट मोजलेली नसते, ती अनुमानाने काढलेली असते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

नोंदलेली जागा आणि प्रत्यक्ष पाहिलेली जागा यांतील सरासरी अंतर म्हणजे अचूकता. ती डोळ्याशी होणाऱ्या कोनाच्या अंशांत सांगतात. डोळ्यापासून ५७ सेंमी. अंतरावर पडद्यावरचा १ सेंमी. म्हणजे जवळपास १ अंश होतो. अचूकता तपासण्यासाठी कॅलिब्रेशननंतर पुन्हा काही बिंदू दाखवतात. ते आधीच्या बिंदूंपेक्षा वेगळ्या जागी असावेत, कारण त्याच बिंदूंवर चाचणी घेतली तर पडद्याच्या उरलेल्या भागात काय घडते ते कळत नाही. मधोमध उत्तम असणारी नोंद कोपऱ्यांत बरीच ढळलेली असू शकते, म्हणून केवळ सरासरी पुरत नाही. प्रयोग लांबला की नोंद हळूहळू सरकते. अशा वेळी हीच चाचणी मध्यंतरी व शेवटीही घेणे इष्ट ठरते. या पद्धतीत एक गृहीतकही दडलेले आहे : सांगितलेल्या क्षणी व्यक्ती बिंदूच्या बरोबर केंद्राकडेच पाहत होती, असे मानावे लागते. यंत्राची चूक आणि माणसाची चूक या चाचणीतून पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत.

नजर एका जागी असताना नोंद किती थरथरते हे परिशुद्धता दाखवते. अचूकता चांगली व परिशुद्धता वाईट, किंवा याच्या उलट, असे दोन्ही प्रकार व्यवहारात दिसतात. परिशुद्धतेची दोन मापे रूढ आहेत : लागोपाठच्या नमुन्यांमधील, म्हणजे उपकरणाने एकेका क्षणी घेतलेल्या नोंदींमधील, अंतरांचे वर्गमाध्य मूळ (अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) आणि सर्व नमुन्यांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा). नॉइज, म्हणजे नोंदीतील ही थरथर, पूर्णपणे यादृच्छिक असेल, तर पहिले माप दुसऱ्याच्या सुमारे १.४ पट येते. नोंद गुळगुळीत करणारे फिल्टर लागोपाठच्या नमुन्यांमधील फरक आधी दाबतात, त्यामुळे पहिले माप झपाट्याने घटते, दुसरे तितके घटत नाही आणि हे गुणोत्तर खाली येते. फिल्टर सुरू आहे हे उपकरणाने सांगितले नसले, तरी या गुणोत्तरावरून संशय घेता येतो. एकच माप देणारा अहवाल म्हणूनच अपुरा मानावा. जिवंत डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो. उपकरणाचा स्वतःचा नॉइज वेगळा काढण्यासाठी त्यामुळे कृत्रिम डोळा वापरतात, पण त्यावर मिळालेला आकडा सहभागी व्यक्तींच्या विदेला लागू होत नाही.

पापण्यांची उघडझाप, झुकलेल्या पापण्या, मस्कारा, चष्म्यावरील परावर्तन आणि मान वळणे यांमुळे काही नमुने मिळतच नाहीत. या विदाहानीची टक्केवारी सांगताना नैसर्गिक उघडझाप त्यात मोजली आहे की नाही, हे स्पष्ट करावे लागते. तान्ह्या मुलांच्या अभ्यासात हानी प्रौढांपेक्षा बरीच अधिक असते. दोन गटांची तुलना करताना ही बाब धोकादायक ठरते, कारण गटांमधील दिसणारा फरक वर्तनाचा नसून नोंदीच्या दर्जाचा असू शकतो.

काळाच्या अंगानेही तपासणी लागते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० नमुने घेणाऱ्या, उपकरणात दोन नमुन्यांमध्ये २० मिलिसेकंदांचे अंतर असते, तर वाचनातील एक सॅकेड, म्हणजे नजरेची झेप, साधारण ३० मिलिसेकंदांत संपते. अशा उपकरणावर झेपेचा कमाल वेग मोजणे निरर्थक आहे. नजर स्थिरावण्याचा कालावधी मात्र पुरेशी विदा असल्यास मोजता येतो, कारण सुरुवातीची व शेवटची चूक सरासरीत एकमेकींना छेदते. नजरेनुसार पडदा बदलणाऱ्या प्रयोगांत नमुना-वारंवारतेपेक्षा, म्हणजे सेकंदाला किती नमुने मिळतात यापेक्षा, नजर हलल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा विलंब निर्णायक असतो, आणि त्यात पडद्याचा स्वतःचा विलंबही धरावा लागतो.

एक दोष सहज निसटतो. प्रकाश बदलला की बाहुली लहानमोठी होते, पण ती सर्व बाजूंनी सारखी आकुंचन पावत नाही. तिचे केंद्र सरकते आणि डोळा न हलताही नजर हलल्याची नोंद होते. ही चूक १ अंशाहून मोठी असू शकते. कॅलिब्रेशन आणि प्रयोग यांच्या पडद्यांची उजळता शक्य तितकी सारखी ठेवण्यामागचे कारण हेच आहे.

विदा पुरेशी चांगली आहे का, याचे उत्तर संशोधनाच्या प्रश्नावर अवलंबून राहते. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागाकडे पाहिले की उजव्या, एवढेच हवे असेल, तर काही अंशांची चूक करणारा वेबकॅमही चालू शकतो. रोमन लिपीतील मजकुराच्या वाचनात मात्र १ अंशात साधारण तीन-चार अक्षरे मावतात आणि तेवढ्या चुकीने नजर शेजारच्या शब्दावर किंवा ओळीवर नोंदली जाते. १ अंशाहून लहान असणाऱ्या सूक्ष्म सॅकेडसाठी परिशुद्धता सर्वांत महत्त्वाची असते. ती ढासळली, तर नोंदीतून स्थिर नजर ओळखणारा अल्गोरिदम (संगणकीय रीत) एका स्थिर नजरेचे अनेक तुकडे करतो, स्थिरावण्यांची संख्या वाढते आणि प्रत्येकीचा कालावधी घटतो.

म्हणून शोधनिबंधात उपकरणाचे नाव व माहितीपत्रकातील आकडे देऊन थांबता येत नाही. प्रत्यक्ष सहभागी व्यक्तींच्या विदेवरून काढलेली अचूकता, परिशुद्धता व विदाहानी, ती मापे काढण्याची रीत, फिल्टर आणि वगळलेल्या व्यक्तींचे निकष यांची नोंद त्यात असावी लागते. वगळण्याचे निकष निकाल हाती येण्यापूर्वीच ठरवलेले असावेत.