स्थलांतरितांच्या कथेतील आंतरधर्मीय विवाह

दक्षिण आशियातून इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांवरच्या कथा-कादंबऱ्यांत वारंवार येणारा विषय. यातला खटका धर्मग्रंथावरून क्वचितच उडतो. बाळाचे नाव कोणी ठेवायचे, घरात काय शिजायचे, मयताला अग्नी की माती, अशा प्रश्नांवरून तो उडतो. झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’मध्ये (2003) पणजीने निवडलेल्या नावाचे पत्र कोलकात्याहून येताना वाटेतच हरवते आणि नायकाच्या नावाचा गुंता तिथून सुरू होतो. नदीम अस्लम यांच्या ‘मॅप्स फॉर लॉस्ट लव्हर्स’मध्ये (2004) मुलीचा नवरा तलाक न देताच परागंदा झालेला असतो, म्हणून प्रेमिकांना लग्नच करता येत नाही.

मायदेशचे घर कर्मठ आणि परदेश मोकळा, ही नेहमीची मांडणी कोल्हापूरला लावली की लंगडी पडते. राजर्षी शाहूंनी संस्थानात 1917 मध्ये विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आंतरजातीय विवाहालाही. मुस्लिम बोर्डिंग तर 1906 चे. तेव्हा मंगळवार पेठेतल्या आईचा विरोध दाखवायचा असेल, तर तिला अडाणी ठरवून भागत नाही. शाहू जयंतीच्या मिरवणुकीत चालणारी बाईच लेकीच्या लग्नाला ‘नाही’ म्हणते, तिथे खरी गोष्ट आहे.

लेखक सर्वाधिक चुकतात ते कायद्यात. जोडपे दुपारी निबंधकाकडे जाते आणि संध्याकाळी नवरा-बायको होऊन परतते, असे भारतात घडत नाही. धर्म न बदलता लग्न करायचे तर 1954 चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यानुसार मुलगा 21 आणि मुलगी 18 वर्षांची हवी. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवे. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात लागते, हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार आणावे लागतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर ती रद्द. चार आठवड्यांची रजा काढून आलेल्या परदेशस्थ मुलाचा हिशेब इथेच चुकतो. शिवाय भिंतीवरची नोटीस वाचून कुणीतरी मामाला फोन करतो. दूतावासात लग्न करायचे तर 1969 चा विदेशी विवाह कायदा लागतो आणि एक तरी पक्ष भारतीय नागरिक असावा लागतो. पासपोर्ट बदललेल्या दोघांना ही वाट बंद.

कथाकारांनी फारसे न वापरलेले एक कलम इथे सांगितलेच पाहिजे. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने मुस्लिम किंवा ख्रिस्ती व्यक्तीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले, की तो कायद्याने त्या कुटुंबातून विभक्त मानला जातो. वाटा बुडत नाही, पण एकत्रपणा तुटतो. पंचगंगेकाठच्या उसाच्या रानावर तिघे भाऊ एकत्र असतील, तर थोरल्याचा संताप धर्मावरचा की बांधावरचा, हे या कलमाशिवाय नीट लिहिता येत नाही.

विधींचेही तसेच. 1955 चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू (बौद्ध, जैन, शीख धरून) असतील तरच लागू होतो. धर्मांतर न केलेल्या ख्रिस्ती वराबरोबर सात पावले चालली, तरी त्या कायद्याने विवाह होत नाही. निकाहात लांबलचक शपथा नसतात. एकाच बैठकीत साक्षीदारांसमोर प्रस्ताव आणि कबुली होते, मेहर ठरते. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न लावायला बिशपांची सूट लागते आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन कॅथलिक पक्षाकडून घेतले जाते. पुढचे सगळे भांडण त्या वचनात आधीच दडलेले असते.

उत्तम प्रसंग बहुधा नोंदणीनंतरचा असतो. परदेशात लग्न उरकून जोडपे कोल्हापूरला येते आणि आई म्हणते, अंबाबाई, जोतिबा करून या, मग गोंधळ घालू. संबळ-तुणतुणे येते, पाटावर नवे खण-वस्त्र अंथरून धान्यावर कलश मांडतात, दिवटी पेटते. त्याआधी दारातच मांडव घालून लग्न पुन्हा लावायचे ठरले, तर कन्यादानात भटजी वधूकडच्या तीन पिढ्यांची नावे आणि गोत्र विचारतात. वधू ख्रिस्ती असते. क्षणभर कुणीच बोलत नाही. गोत्र माहीत नसेल तेव्हा काश्यप धरायची जुनी सोय आहे, ती वापरून ते पुढे होतात, आणि मुलीचा बाप आपल्याच वडिलांचे नाव अनोळखी गोत्रासह ऐकत उभा राहतो.