एकाच बॅगेत अथणी आणि कणकुंबी

मे महिन्यात अभ्यास सहल निघणार म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: सर, स्वेटर लागेल का? त्यापेक्षा, घेतलेला शर्ट भिजला तर किती वेळात वाळेल, हे विचारलेलं बरं. बेळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यातली अर्धी बॅग या एका उत्तरावर भरता येते.

सहलीला हा जिल्हा नामी आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचा जांभा दगड, घाटातलं जंगल आणि मलप्रभेचा उगम. मधे गोकाकचा वालुकाश्म आणि ५२ मीटरचा धबधबा. मे महिन्यात पाणी नसल्यातच जमा, पण खडकाचे थर बघायला तेच सोयीचं. पूर्वेला अथणीकडची काळी माती. कणकुंबीच्या बाजूला वर्षाकाठी कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीला पाच-सहाशेच्या आसपास. जिल्हा एक, हवा दोन.

आता तो शर्ट. साधारण १५० ग्रॅमचा सुती टी-शर्ट भिजवून हाताने घट्ट पिळला, तरी त्यात जवळपास त्याच्याच वजनाइतकं पाणी राहतं. खात्री नसेल तर घरच्या वजनकाट्यावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. हे १५० ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ३६० किलोज्यूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल. थोडक्यात, शर्ट अंगावरच वाळवायचा ठरवला आणि ऊन नसलं, तर तासाभराच्या उष्णतेचं बिल शरीराच्या नावावर फाटतं. काही वाटा हवा उचलते हे खरं, पण हुडहुडी भरायला उरलेला पुरतो. त्यात कोरड्या कापडाची ऊब असते ती धाग्यांमधे अडकलेल्या हवेची. तिथे पाणी शिरलं की ऊब संपली, कारण पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

हाच हिशेब अथणीत आपल्या बाजूने लागतो. तिथली दुपारची हवा कोरडी, घाम झटकन उडतो, आणि सुती सदरा तो घाम शोषून अंगभर पसरवतो. मडक्यातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने पाठ गार होते. सुती धागा पाण्याचा लोभीच: १०० ग्रॅम सुती कापड नुसत्या हवेतून सात-आठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. म्हणून पूर्वेकडे सैल, पूर्ण बाह्यांचं सुती, आणि पश्चिमेकडे पातळ पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट. त्याला घामाचा वास लवकर मारतो, पण रात्री धुतला तर सकाळी घालता येतो.

जीन्स मात्र दोन्हीकडे घरी ठेवावी. जाड विणीची, शिवणी दुहेरी, खिशाचं अस्तर वेगळं. घाटातल्या दमट हवेत दोन दिवसांनीही कमरेशी ओलीच लागते. मुलं ऐकत नाहीत, ते वेगळं.

खरी परीक्षा घेतो तो वळीव. दुपारी तीनपर्यंत घामाच्या धारा, मग पश्चिमेला काळं होतं आणि पावसाआधी धुळीचा गार वारा सुटतो. ढगातले थेंब खालच्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच उडतात, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतात. ती हवा गार आणि जड होऊन कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. अर्ध्या तासात पारा आठ-दहा अंश उतरणं नवलाचं नाही. आपण नेमके तेव्हाच घामाने भिजलेले असतो, वरून वारा. म्हणून पाऊस यायच्या आधीच, वारा सुटला की विंडचीटर चढवावा. तो फार उबदार नसतो, पण अंगालगतच्या हवेचा थर वाऱ्याने उडू देत नाही. आणि वीज कडाडत असेल तर कपड्यांचा विचार नंतर. माळावरून आणि एकट्या झाडाखालून आधी निघावं, पक्क्या इमारतीत किंवा बसमधे जाऊन बसावं.

रेनकोटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. प्लास्टिकचा रेनकोट घालून चढ चढलं की घामाची वाफ आतच अडकते आणि माणूस आतून भिजतो. खानापूरकडच्या शेतकऱ्याचं इरलं यात उजवं होतं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं ते पाठीवरचं छप्पर अंगाला चिकटत नाही, खालून हवा खेळती राहते. धनगराच्या घोंगड्याची खोळही अशीच विचारपूर्वक. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धाग्याच्या आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तो ओलावा घेताना थोडी उष्णता सोडते. पण घोंगडं पुरतं भिजलं की उचलवत नाही, तेव्हा सहलीला ते नको.

स्वेटरचं उत्तर राहिलंच. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन पटापट निवते, आणि दुपारी ३६ अंश असलेला पारा पहाटे विशीत येतो. त्याला जाड स्वेटर कशाला? दोन पातळ कपडे एकावर एक घातले की मधे हवेचा एक थर फुकट मिळतो, आणि नऊ वाजता ऊन तापलं की एक काढून बॅगेत टाकता येतो.

मुक्कामाचा एक कोरडा जोड आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेच्या तळाशी ठेवावेत, आणि काही झालं तरी दिवसा उघडू नयेत. सोबत एक पंचा. कणकुंबीला रात्री हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे नुसते लोंबत राहतात. ओला शर्ट पंचात गुंडाळून पिळला की सुती पंचा त्यातलं बरंच पाणी ओढून घेतो, आणि स्वतः पातळ विणीचा असल्यामुळे शर्टाच्या आधी वाळतो. अथणीत तोच ओला करून डोक्याला बांधायचा.