पायऱ्या नसलेल्या मुलखातला बेसाल्ट

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा चिरा, क्रशरवरची खडी आणि विहिरीच्या काठावर टाकलेला डबर शेजारी शेजारी ठेवा. सगळे काळेच, सगळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक. हा लाव्हा ओतला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, एकावर एक थरांनी. त्यातला कुठला थर कुठला, हे ओळखण्यात ज्वालामुखी खडकांच्या रसायनावर काम करणाऱ्यांची आयुष्यं गेली.

दख्खनच्या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात ते जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून. सह्याद्रीला ते शोभतं. घाट चढताना थरांच्या पायऱ्या मोजता येतात. सोलापूर मात्र साडेचारशे मीटर उंचीच्या सपाटीवर. इथे मोजायला पायऱ्या कुठून आणायच्या?

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या खडकांचं वर्णन केलं, ते डोळ्यांना दिसलं तेवढं. रासायनिक पृथक्करणांचा मोठा टप्पा १९२२चा. हेन्री वॉशिंग्टन या अमेरिकी संशोधकाने दख्खनच्या आणि इतर पठारी बेसाल्टांची तुलना करून त्यांतलं लोहाचं जास्त प्रमाण पुढे आणलं. पण नुसत्या सिलिकावरून, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकावरून, थर वेगळे पडत नाहीत. बहुतेक ठिकाणी खडकात तो साधारण निम्माच भरतो.

खरी उकल १९८०च्या दशकात झाली. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारी यंत्रं कामी आली आणि टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणातल्या बारीक फरकांवरून थरांना ओळख मिळाली. भूशास्त्रज्ञ बीन, हूपर आणि आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६मध्ये मांडलेल्या क्रमातली नावं आपल्याच गावाघाटांची: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. बुशे थराच्या लाव्हात जुन्या भूकवचाची भेसळ बरीच. आंबेनळीत ती सर्वांत कमी.

ही ओळख टिकते ती नमुना निवडण्यावर. खडकातल्या पोकळ्यांत नंतर पाण्याने आणून भरलेली झिओलाइट, कॅल्साइट ही पांढरी खनिजं आकडे बिघडवतात, म्हणून फोडलेले तुकडे भिंगाखाली एकेक निवडायचे आणि अकीकाच्या खलात दळायचे. पोलादी खलातून लोखंड, क्रोमियम उतरण्याची भीती. हे काम कंटाळवाणं, पण इथे घाई केली की पुढचं महागडं यंत्रही खोटं बोलतं.

सपाटीवर मग उरतात विहिरी, खाणी आणि विंधणछिद्रं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने सोलापूरही हादरलं होतं. त्यानंतर किल्लारीला घेतलेल्या खोल छिद्रात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली ८ मीटर गाळाचे थर आणि मग जुना ग्रॅनाइटी खडक. घाटात चढून मोजायच्या पायऱ्या इथे नळीतून वर काढाव्या लागल्या.